भोवरा थांबेपर्यंत

३ जून

चि. मोजपट्टीस मामाचे आशीर्वाद.

पाच वर्षांची असताना माझी पट्टी घेऊन तू घरातल्या सगळ्यांची नाकं मोजली होतीस, तेव्हा हे नाव पडलं. आता तेल तपासण्याच्या प्रयोगशाळेत बसतेस म्हणून ते बदलणार नाही.

काम आहे. आमच्या फेरीबोटीचं इंजिन अडतीस वर्षांचं झालं. त्यातली बावीस वर्षं ते माझ्या हाताखाली, की मी त्याच्या हाताखाली, हे मामीला विचार. परवा नवे तपासनीस साहेब आले. तरुण आहेत, बोलतात कमी. म्हणाले, "हे काढायला झालं." मी म्हणालो, "साहेब, वय जन्मतारखेवरून नका ठरवू, दातांवरून ठरवा." हसले नाहीत.

शेवटी ठरलं ते असं. समोर उभं राहून त्यांनी तेल बदलून घेतलं आणि तळाच्या बोल्टला शिशाचं सील ठोकलं. सप्टेंबरअखेरपर्यंत हेच तेल चालवायचं. कमी झालं तर वरून भर घालायची, बदलायचं नाही. तीस सप्टेंबरला ते स्वतः नमुना काढणार. त्यात काजळी तीन टक्क्यांच्या आत निघाली तर इंजिनाला आणखी दोन वर्षं. वर गेली तर नवं इंजिन. नवं इंजिन कप्तान वरूनच बटणांनी चालवतो, त्याला खाली माणूस लागत नाही. म्हणजे हे भंगारात आणि मी घरी. मामी म्हणते, दोघांपैकी एकालाच घरी आणायचं असेल तर इंजिन आणा, ते निदान सांगितलेलं ऐकतं.

गेल्या वर्षी एवढ्याच तासांत काजळी चार टक्क्यांवर गेली होती. काय करू ते कळव. फोन नको. फोनवरचं या कानातून त्या कानात जातं. लिहिलेलं भिंतीला चिकटवता येतं.

तुझा मामा

९ जून

ती. मामास नमस्कार.

पत्र मिळालं. आधी एक गोष्ट. तू माझा मामा आहेस हे मी आमच्या प्रमुखांना लेखी कळवलं आहे. दर महिन्याचा नमुना मी तपासून सांगेन, पण साहेबांचा शेवटचा नमुना माझा सहकारी तपासेल. बाटलीवर फक्त क्रमांक असेल. राग मानू नकोस.

आता तेल. काजळी इंजिनात तयार होणारच, ती थांबवता येत नाही. ती तेलातून किती लवकर बाहेर काढायची एवढंच तुझ्या हातात आहे, आणि त्यासाठी तुझ्याकडे भोवरा आहे. (पुस्तकात त्याला दुसरं नाव आहे. तू भोवरा म्हणतोस, मीही तेच म्हणते.) त्यात कागदाची गाळणी नाही. इंजिनाच्याच दाबाने तेल आत येतं, तळाच्या दोन पितळी जेटमधून, म्हणजे बारीक छिद्रांच्या तोट्यांतून, जोरात बाहेर पडतं आणि त्या धक्क्याने आतली वाटी मिनिटाला पाच-सहा हजार फेरे घेते. काजळी तेलापेक्षा जड, म्हणून ती वाटीच्या भिंतीवर जाऊन थापली जाते. भिंतीवरचा थर जाड झाला की नव्या काजळीला जागा उरत नाही. तू महिन्याला एकदा वाटी उघडतोस. ते पुरेसं नाही.

१. दर रविवारी उघड. थर लाकडी पट्टीने काढ, लोखंडी नको. काढण्याआधी त्याची जाडी मोजून लिहून ठेव.

२. दोन्ही जेट आरपार साफ कर. आत एकही काळी रेघ दिसता कामा नये.

३. टोपण आणि वाटीवरच्या खुणा समोरासमोर आणूनच बसव. नाहीतर तोल जाईल.

४. शेवटच्या फेरीनंतर इंजिन बंद केलंस की भोवऱ्याची घूं ऐक. ती पूर्ण थांबेपर्यंत किती सेकंद जातात ते लिही. साठ ते नव्वद म्हणजे तो नीट फिरतो आहे. कमी भरले तर लगेच कळव.

मामीला नमस्कार.

मोजपट्टी

१२ जुलै

चि. मोजपट्टीस,

तुझं पत्र भिंतीवर आहे. कप्तान वाचून गेला आणि म्हणाला, भाची आहे की सासू.

पहिल्या रविवारी उघडलं तेव्हा थर चौदा मिलिमीटर, दगडासारखा. त्या थरावर नख उमटेना. नंतरच्या रविवारी पाच, मग पुन्हा पाच, मग चार. सेकंद प्रत्येक वेळी नव्वद. जेट तर असे चमकतात की त्यात तोंड बघून दाढी करावी. खुणा जुळवतो. तू सांगितलेल्यातलं काही म्हणजे काही सोडलेलं नाही.

जूनअखेरची बाटली सोबत. झाकणाला मेण लावलंय, पोस्टमन तेलकट झाला तर आमचं नाव जाईल.

मामा

२० जुलै

ती. मामास,

काजळी ०.९ टक्के. तेलाचा दाटपणा ठीक, लोखंडाचा कीस नगण्य, म्हणजे आत काही घासत नाही. याच चालीने गेलास तर सप्टेंबरअखेर अडीचच्या आसपास राहशील.

मेण छान लावलं होतंस. फोडायला दहा मिनिटं लागली.

मोजपट्टी

१८ ऑगस्ट

चि. मोजपट्टीस,

जुलैची बाटली पाठवली होती, तिचं उत्तर यायचंय, पण राहवत नाही म्हणून लिहितो. थर तीन झाला, मग दोन, आणि या रविवारी भिंतीवर नुसती काळी साय. खरवडायला काही नाहीच. तेल इतकं स्वच्छ झालंय की भोवऱ्याला कामच उरलं नाही, बसून पगार खातोय. सेकंद नव्वद.

तेलाच्या दाबाचा काटा चारवरून साडेतीनवर आलाय. काट्यालाही वय होतं. बदलून घेईन.

मामी म्हणते, हा माणूस रविवारी देवाचं नाव घेत नाही पण त्या वाटीला न्हाऊ घालतो.

मामा

२४ ऑगस्ट

ती. मामास,

जुलैअखेरचा नमुना १.६. मर्यादेत आहे. थर कमी येण्याचं तू दिलेलं कारण बरोबर असावं. काम असंच चालू ठेव.

मोजपट्टी

५ सप्टेंबर

ती. मामास,

ऑगस्टचा नमुना आज तपासला. काजळी २.७. विश्वास बसेना म्हणून दुसऱ्यांदा तपासला. २.७. एका महिन्यात १.१ ने वाढ. हीच चाल राहिली तर तीस सप्टेंबरला ३.८ येईल.

म्हणजे थर कमी येत होता तो तेल स्वच्छ झाल्यामुळे नाही. भोवरा हळू फिरतो आहे आणि काजळी तेलातच राहते आहे. हे मला चोवीस ऑगस्टला कळायला हवं होतं.

पण भोवरा हळू फिरत असेल तर तो लवकर थांबायला हवा, आणि बाटल्यांसोबत तू पाठवलेल्या रविवारांच्या यादीत बाराच्या बारा वेळा नव्वद सेकंद आहेत. मी रोज मोजमापं करते. मोजलेले आकडे असे येत नाहीत. कधी एक्क्याऐंशी येतात, कधी शहाऐंशी. मला खरे आकडे हवेत.

मोजपट्टी

९ सप्टेंबर

चि. भाचीस,

आकडे लिहिले ते लिहिले. बावीस वर्षं मी हे इंजिन चालवतो. मला खोटं म्हणणारं माणूस आजवर घरातलं नव्हतं.

मामा

१० सप्टेंबर

बाळ,

मामीचे आशीर्वाद. हे पत्र तुला मिळालेलंच नाही असं समज.

तुझ्या मामाने कालचं पत्र पेटीत टाकलं आणि तेव्हापासून घरात मौनव्रत आहे. मला त्याचा आनंद व्हायला हवा, पण होत नाही. म्हणून सांगते. त्यांना भोवरा ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. बारीक आवाज सगळे गेले. समोर तोंड बघून बोललं तर कळतं, पाठीमागून हाक मारली तर मी आणि भिंत सारख्याच. तुला फोन का करू देत नाहीत ते आता कळलं असेल.

तुझं पत्र आलं त्या दिवशी इंजिन बंद करून कान लावून बसले, घड्याळ हातात. मी बोटीवरची माझी तिकिटाची खिडकी बंद करून खाली डोकावले तर म्हणतात, "थांबला का गं?" मी म्हटलं, "कधीचाच." मग वहीत नव्वद लिहिलं. म्हणाले, पुस्तकात तसंच आहे. साहेबांना कळलं की कान गेलेत, तर इंजिन राहील आणि मला काढतील, एवढीच धास्ती.

बाकी कामात कसूर नाही हो. दर रविवारी ते दोन जेट घेऊन बसतात आणि बारीक गोल कानस आत घालून घासत राहतात. घासतात, उजेडात धरतात, पुन्हा घासतात. "पोरीने सांगितलंय, काळी रेघ दिसता कामा नये." इतकं मन लावून कधी माझं गाऱ्हाणं ऐकलं असतं तर.

तुझी मामी

१३ सप्टेंबर

मामी,

तुझं पत्र मला मिळालेलं नाही. एकच विचारायचं आहे. कप्तान वरून घंटा वाजवून हुकूम देतो, पुढे, मागे, थांब. ती मामाला कळते कशी?

सोबतचं पाकीट मामाला दे.

(पाकिटातलं पत्र)

ती. मामास,

चूक माझी आहे. जेट साफ कर असं लिहिलं, कशाने ते लिहिलं नाही. मऊ पितळी तारेने करायचं असतं. माझ्या रोजच्या कामातली ही गोष्ट, म्हणून ती सांगावी लागते हेच सुचलं नाही. कानस पितळ खाते. छिद्रं मोठी झाली की तेल जास्त वाहतं आणि आतला दाब पडतो. वाटी मग हळू फिरते. इंजिनाचा दाब चारवरून साडेतीनवर आला तोही त्यामुळेच, काटा ठणठणीत आहे. तुझं ते वाक्य मी वाचलं होतं आणि सोडून दिलं होतं. म्हणजे तू मला खरे आकडे पाठवत होतास, जाडीचे आणि दाबाचे. ते न वाचता मी सेकंदांवरून तुझ्याशी भांडले.

इंजिनाच्या जुन्या पुस्तकातून माप काढलं, १.८ मिलिमीटर. आमच्या इथल्या टर्नरकडून लेथवर दोन नवे जेट करून घेतले. तीनदा मोजलेत. मिळतील त्या दिवशी रात्रीची वाट न बघता दुपारीच बसव. जुने परत पाठव.

सेकंद मोजायची दुसरी पद्धत देते. बंद इंजिनाच्या शेजारी पंखे असतात, माणसं असतात, आवाजावर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून हातभर लांबीची पातळ लाकडी काठी घे. एक टोक भोवऱ्याच्या टोपणावर टेकव, दुसरं बोटांच्या टोकांत हलकं धर. फिरतोय तोवर मुंग्या येतात, थांबला की जातात. आम्ही सगळ्यांनाच असं सांगतो.

मोजपट्टी

१७ सप्टेंबर

चि. मोजपट्टीस,

नवे जेट काल दुपारी दोन फेऱ्यांच्या मधल्या सुट्टीत बसवले. दाबाचा काटा टुणकन चारवर. जुने सोबत आहेत.

तुम्ही सगळ्यांनाच काठी सांगता, हे वाचून मामी इतक्या जोरात हसली की मलासुद्धा ऐकू आलं. तिच्या पोटात तीळभर गोष्ट राहत नाही, हे तुला माहीत असायला हवं होतं. तेव्हा आता उघडच लिही.

काठीचं सांगतो. काल संध्याकाळी इंजिन बंद केलं, काठी टेकवली, डोळे मिटले. बोटांत आला गं तो. दोन वर्षांनी भेटला. शेवटी शेवटी नुसती कुजबुज, आणि मग काही नाही. ७९ सेकंद. आज ८२.

नव्वद लिहिले ते खोटे होते. तुला घरातली म्हणालो आणि घरातल्याशीच खोटं बोललो.

घंटेचं मामीला विचारलंस, मीच सांगतो. कप्तान घंटा वाजवतो आणि वर पोलादी पत्र्यावर टाच आपटतो. एकदा पुढे, दोनदा मागे, तीनदा थांब. माझा हात रेलिंगवर असतो, मला कळतं. दोन वर्षांत एकही चूक नाही.

मामा

२० सप्टेंबर

ती. मामास,

जुने जेट मोजले, २.३ आणि २.४. टर्नरला दाखवले. म्हणाला, हाताने इतकं गोल काम करणारा माणूस मला कामाला द्या.

घंटेबद्दल. दोन वर्षांत चूक झाली नाही हे मी मानते. पण कप्तान एक दिवस आजारी पडला आणि बदली माणूस आला, तर त्याला टाच आपटायची ठाऊक नसेल. बोटीवर शंभर माणसं असतात. तेलाचं मी बघू शकते, हे नाही. साहेबांना मी काही कळवणार नाही, तो माझा अधिकार नाही. तू सांगावंस असं मला वाटतं. सांगितल्यावर काय होईल हे मला माहीत नाही, आणि सगळं ठीक होईल असं मी लिहिणार नाही.

लिहायला हे सोपं नव्हतं.

मोजपट्टी

१ ऑक्टोबर

चि. मोजपट्टीस,

काल साहेब आले. सील पाहिलं, बाटली भरली, खिशात टाकली. मग म्हणाले, भोवरा उघडा. चौदा दिवसांचा थर होता, साहेबांना दिसावा म्हणून दोन रविवार मुद्दाम हात लावला नव्हता. बारा मिलिमीटर. नख रोवून बघितलं त्यांनी. साफ करून परत बसवला, बोट एक फेरी मारून आली, इंजिन बंद केलं. ते कान लावून, घड्याळ हातात. मी काठी धरून, मनातल्या मनात मोजत. ते म्हणाले, "त्र्याऐंशी." मी म्हणालो, "माझे एक्क्याऐंशी." काठीकडे बघून म्हणाले, "हे काय?"

तेव्हा सांगितलं. कान, टाच, सगळं. आधी काय बोलायचं ते पाठ केलं होतं, त्यातलं काहीच आठवलं नाही. म्हणालो, "साहेब, इंजिन पास झालं तर माझ्यासाठी नापास करू नका. आणि मी नापास झालो तर इंजिनाला बोल लावू नका." त्यांनी वहीत लिहिलं. बरंच लिहिलं. मग जिना चढून गेले.

आता तेल तुझ्याकडे आणि मी त्यांच्याकडे. मामी कालपासून टोमणा मारत नाहीये, त्यानेच जीव घाबरा होतो.

मामा

८ ऑक्टोबर

ती. मामास,

तुझा नमुना कोणत्या क्रमांकाचा ते मला माहीत नव्हतं. सहकाऱ्याने निकाल साहेबांकडे रवाना केल्यावर मला सांगितलं. काजळी २.८. नवे जेट बसल्यावर भोवऱ्याने तेलात आधी साचलेली काजळीही ओढून घेतली. त्याने दोनदा तपासला. मी त्या दिवशी मुद्दाम दुसऱ्या मजल्यावर काम घेतलं होतं आणि ते काम काही झालं नाही.

इंजिन पास आहे. तुझं काय ते कळव. तार केलीस तरी चालेल.

मोजपट्टी

१६ ऑक्टोबर

चि. मोजपट्टीस,

तार काय करू, दोन ओळींत मावत नाही.

मंगळवारी साहेब आले ते वायरमनला घेऊन. कागद माझ्या हातात दिला. इंजिनाला दोन वर्षं. खाली माझ्यासाठी दोन ओळी: घंटेच्या बरोबरीने इंजिनखोलीत तीन रंगांचे दिवे बसवावेत, हिरवा पुढे, पिवळा मागे, लाल थांब, आणि दर सहा महिन्यांनी कान तपासून घ्यावेत. ते झाल्यास कामावर राहण्यास हरकत नाही. कप्तान म्हणतो, माझ्या टाचेला पेन्शन द्या.

दिवे लागल्यावर साहेब म्हणाले, "ही फेरी मी खाली थांबतो, इंजिन मी सांभाळतो. मला दिवेही बघायचेत आणि काठीही. तुम्ही वर जा." मी म्हटलं, इंजिन चालू असताना मी वर जात नाही. म्हणाले, "हुकूम आहे."

गेलो. मामीने तिकिटाची खिडकी बंद केली आणि आली, 'खिडकी बंद'ची पाटी न लावता. बावीस वर्षांत नदी मी दोन्ही काठांवरूनच बघितली आहे, चालत्या बोटीवरून कधी नाही. मध्यावर पाण्याचा रंग बदलतो, हे मला ठाऊकच नव्हतं. एका बाजूला मातकट, एका बाजूला हिरवट, आणि मधे सुतासारखी सरळ रेघ, आपण ती ओलांडतो. मी मामीला विचारलं, "हे रोज असं असतं?" ती म्हणाली, "रोज. तुम्हाला किती वेळा सांगितलं, पण तुम्ही ऐकाल तर ना."

पलीकडे पोचलो, खाली आलो आणि साहेबांशी हात मिळवला. इंजिन गरम होतं, बरं वाटलं.

मामा

२९ ऑक्टोबर

ती. मामास, ती. मामीस,

नमस्कार. पत्र मिळालं. दोनदा वाचलं, मग टर्नरलाही वाचून दाखवलं. कानांच्या पहिल्या तपासणीची तारीख ठरली की कळव, मी बरोबर येईन.

मातकट पाणी कोणत्या काठाच्या बाजूला असतं ते तू लिहिलं नाहीस. रेघ सरळ कशी राहते, तेही मला बघायचं आहे. सात नोव्हेंबरपासून चार दिवस रजा मिळाली आहे. अशा इंजिनावर सहा महिने प्रशिक्षण झालेलं आहे माझं, प्रमाणपत्र सोबत आणते. साहेबांची परवानगी मी पत्राने मागितली होती, ती काल आली.

रोज दुपारच्या दोन फेऱ्या मी खाली राहीन. तू वर बस. मामी, पाटी लाव.

मोजपट्टी